पिकअपवर पॉप-अप कॅम्पर बनवून घेताना: वजनकाट्यापासून पहिल्या पावसापर्यंत

पॉप-अप कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारी झोपण्या-राहण्याची छोटी खोली. तिचं छत, म्हणजे टप, मुक्कामाला वर उचलायचा आणि मधल्या उघड्या भागाला कापडाच्या भिंती. पुण्याजवळ भोसरी, चाकण, वाघोलीकडे असे कॅम्पर बनवून देणारे फॅब्रिकेटर शोधले तर सापडतात. अडचण कारागिरीची कमी आणि क्रमाची जास्त असते. लोक मोबाइलमधला फोटो दाखवतात, ॲडव्हान्स देतात, आणि गाडीचं वजन पहिल्यांदा तपासलं जातं ते कॅम्पर हौद्यात चढल्यावर. तोवर टप जड झालेला असतो, त्याला गॅस स्प्रिंग (टप वर ढकलणारे, गॅस भरलेले दांडे) पुरत नाहीत, कापड आधीच शिवून झालेलं असतं. मग एकेक गोष्ट उलटी सोडवत बसावं लागतं.

खालचा क्रम डबल कॅब पिकअपसाठी आहे, म्हणजे व्ही-क्रॉस, हायलक्स किंवा तशाच गाड्या. कॅम्पर हौद्यात सरकवून बसवायचा आणि चार जॅकवर उतरवता येणारा धरला आहे. चेसिसवर कायमचा जोडलेला कॅरव्हान हा वेगळा विषय आहे, त्याचे कागदही वेगळे.

काम दिवाळीनंतर सुरू करा. एफआरपीचं (फायबरग्लासचं) रेझिन आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंग दमट हवेत नीट धरत नाहीत. जुलैत घाईने केलेल्या कामाचा रंग पुढच्या वर्षी फुगून येतो. फेब्रुवारीपर्यंत सांगाडा आणि टप, गुढीपाडव्याच्या सुमारास कापड, मेमध्ये चाचण्या, असा हिशोब ठेवला तर जूनचा पाऊस शेवटच्या परीक्षेला मिळतो.

1. आधी वजनकाटा

टाकी फुल्ल करा, नेहमी बसणारी माणसं बसवा, फाळका (हौद्याचं मागचं झडप) काढणार असाल तर काढून ठेवा. मग तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. तिन्ही पावत्या जपून ठेवा. आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल मान्य वजन, आणि दाराच्या खांबावरच्या प्लेटवर ॲक्सलची मर्यादा दिली असेल तर तीही टिपून घ्या.

उदाहरणादाखल हिशोब असा. जीव्हीडब्ल्यू 2,900 किलो, काट्यावर दोन माणसांसह 2,380. उरले 520. त्यातले 50 राखीव ठेवा, कारण चिखल, ओलं कापड आणि वाटेत घेतलेली कलिंगडं यांनाही वजन असतं. राहिले 470. आता सामान:

पाणी 40 लिटर, म्हणजे 40 किलो. बॅटरी 13. फ्रिज आतल्या मालासह 25. अंथरूण आणि कपडे 45. स्टोव्ह, भांडी, गॅस 20. हत्यारं, जॅक, दोर 25. खुर्च्या आणि बाहेरची छत्री 22. एकूण 190.

कॅम्परच्या कवचाला, फर्निचर धरून, उरले 280 किलो. हाच आकडा पुढे कोटेशनवर लिहून घ्यायचा आहे. अमेरिकेतले तयार पॉप-अप साधारण याच्या दीडपट-दुप्पट भरतात, त्यामुळे तिथले आराखडे जसेच्या तसे उचलू नका. काही पिकअपांची आरसीवरची भारक्षमता तर इतकी तुटपुंजी असते की दोन माणसं आणि अंथरूण यातच ती संपते. तुमच्या गाडीचं तसं निघालं तर इथेच थांबा आणि छतावरच्या तंबूचा विचार करा. पैसे वाचतील.

*इशारा:* पाट्यात जादा पान घातलं किंवा एअरबॅग लावली म्हणजे गाडीचा मागचा भाग बसत नाही, एवढंच. जीव्हीडब्ल्यू, ब्रेक आणि ॲक्सल होते तिथेच राहतात. टायरचाही लोड इंडेक्स बघा: 112 म्हणजे एका टायरला 1,120 किलो, तेही ठरलेल्या हवेच्या दाबाला.

2. कागद, ॲडव्हान्स देण्यापूर्वी

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. कलम 182अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जादा वजनाला कलम 194 आहे: 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000.

वेल्डिंग नाही, चेसिसला नवं भोक नाही, अर्ध्या तासात उतरवता येतो, असा कॅम्पर बांधलेल्या मालासारखा आहे अशी बाजू मांडता येते. पण ताम्हिणीच्या नाक्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने ती मान्य केलीच पाहिजे असं नाही. म्हणून ड्रॉइंग, वजनाचा तक्ता आणि जॅकवर उतरवलेल्या अवस्थेचं चित्र जोडून आरटीओला लेखी अर्ज करा. एमएच-12 वाल्यांनी संगम पुलाजवळच्या कार्यालयात, एमएच-14 वाल्यांनी पिंपरी-चिंचवडच्या. पोचेचा शिक्का घेतलेली प्रत गाडीत ठेवा. तोंडी ‘काही होत नाही हो’ यावर काम सुरू करू नका, मग ते फॅब्रिकेटर म्हणो नाहीतर एजंट.

विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि उत्तर लेखीच मागा. कायमस्वरूपी मोटर कॅरव्हान करायचा असेल तर त्यासाठी एआयएस-124 हे मानक आहे आणि मंजुरीसाठी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडे जावं लागतं. एआरएआय ही अशी संस्था पुण्यातच आहे, पण ती वाट एकट्या ग्राहकाची नव्हे, बॉडी बिल्डरची.

मागे किती बाहेर काढायचं यालाही मर्यादा आहे. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून मागे येणारा भाग, म्हणजे ओव्हरहँग, व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या अंतराच्या) 60 टक्क्यांवर जाता कामा नये. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस 3,095 मिमी, म्हणजे 1,857 मिमी. कायद्याने एवढं चालतं म्हणून एवढं काढू मात्र नका. कारण पुढच्या टप्प्यात दिसेल.

3. पुठ्ठ्याचा कॅम्पर

ड्रॉइंगच्या आधी हे करा. फ्रिजचे रिकामे खोके आणून हौद्यात प्रत्यक्ष मापाचा कॅम्पर उभा करा. डबल कॅबचा हौदा जेमतेम दीड मीटर लांब असतो. त्यात पाय लांब करून झोपता येत नाही, म्हणून पलंग एकतर केबिनच्या टपावर पुढे न्यावा लागतो किंवा आडवा टाकावा लागतो. पुठ्ठ्यात आडवे होऊन कूस बदला. जोडीदारालाही बोलवा आणि रात्री एकाला बाहेर जायचं असेल तर दुसऱ्याला उठावं लागतं का ते बघा. चाकांवरचे उंचवटे आत कुठे येतात, दार उघडताना कोपर कुठे आपटतं, हे कागदावर कधीच दिसत नाही.

याच वेळी तीन उंच्या मोजा: सोसायटीच्या पार्किंगचं गेट, बेसमेंटमधला सर्वांत खालचा पाइप किंवा तुळई, आणि रोजच्या वाटेवरचे हाइट बॅरिअर. बंद अवस्थेतली उंची यातल्या सर्वांत कमी मापापेक्षा किमान 75 मिमी खाली हवी. गणपतीच्या दिवसांत पेठांत गाडी न्यायचा विचार असेल तर तो सोडून दिलेला बरा.

केबिनच्या टपावर येणारा भाग टपाला टेकू देऊ नका, 60 ते 75 मिमी मोकळं ठेवा. केबिन आणि हौदा चेसिसवर वेगवेगळे बसवलेले असतात आणि खडबडीत रस्त्यावर स्वतंत्रपणे हलतात. दोन्हींना एकच सांगाडा बोल्ट केला तर तो तडकतो, नाहीतर केबिनच्या पत्र्याला पोचा पडतो.

*तपासणी:* पाण्याची टाकी, बॅटरी, फ्रिज यांच्या जागा पुठ्ठ्यावर खडूने आखा. जड वस्तू मागच्या ॲक्सलच्या पुढे आणि जमिनीलगत हव्यात. 300 किलोचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे गेला तर व्ही-क्रॉसची पुढची चाकं सुमारे 48 किलोंनी हलकी होतात. ओल्या घाटात वळताना स्टिअरिंग पोकळ लागतं ते यामुळे.

4. कारागीर आणि करार

घरगुती ग्रिल-शेडवाला नको. ॲम्ब्युलन्स, फूड व्हॅन किंवा बसच्या बॉडीचं काम केलेला बघा, कारण हलणाऱ्या वस्तूचे सांधे कसे सुटतात हे त्याला ठाऊक असतं. त्याने पूर्वी केलेलं, निदान दोन पावसाळे काढलेलं एखादं काम प्रत्यक्ष पाहा आणि बिनधास्त कोपरे दाबून बघा.

कोटेशनमध्ये एवढं लेखी हवं: कवचाचं कमाल वजन (आपल्या उदाहरणात 280), सेक्शनचा ग्रेड आणि जाडी, पत्रा की पॅनेल, सीलंटचं नाव, बंद आणि उघडी उंची. पैसे टप्प्याने द्या: ड्रॉइंग आणि मालाला 25 टक्के, सांगाडा काट्यावर वजन करून दाखवल्यावर 30, टप उघडबंद झाल्यावर 30, आणि 15 पाणी-चाचणी झाल्यावर. शेवटच्या 15 वर तो कुरकुरेल. इथे नमू नका, कारण गळती शोधायला परत बोलवायला तेवढंच तुमच्या हातात राहतं.

5. सांगाडा आणि पत्रा

6063-टी6 ॲल्युमिनियमचा 38×38×2 मिमी चौकोनी सेक्शन मीटरला सुमारे 0.8 किलो भरतो. 25×25×1.6 मिमी लोखंडी नळी मीटरला 1.2 किलो. ॲल्युमिनियमला वेल्डिंगच्या आसपास ताकद बरीच कमी होते, म्हणून कोपऱ्यांना नुसती टिग वेल्डिंगची रेघ पुरत नाही, आतून गसेट प्लेट (कोपऱ्याला आधार देणारी तिकोनी पट्टी) आणि रिव्हेट हवेत.

बाहेरून 1 मिमी ॲल्युमिनियम पत्रा चौरस मीटरला 2.7 किलो. दुकानाच्या पाटीला वापरतात तो 4 मिमी एसीपी (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमधे प्लास्टिकचा थर) सुमारे 5.5. एसीपी दिसायला गुळगुळीत आणि सोपा, म्हणून फॅब्रिकेटर तोच पुढे करतो. वजन दुप्पट आहे, आणि साध्या एसीपीच्या आतला थर पेट घेतो. मधे उष्णता अडवणारा 25 मिमी एक्सपीएस फोम घातला तर एप्रिलच्या दुपारी आत उभं तरी राहता येतं.

आता सुतार. त्याचा हात सवयीने 18 मिमी प्लायकडे जातो. 8×4 ची 18 मिमीची एक शीट 32 ते 35 किलो भरते, 12 मिमीची 22, 6 मिमीची 11. दोन शीट 18 मिमी आणि त्यावर सनमायका लागला की 70-75 किलो संपले, आणि अजून पलंग व्हायचाय. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय तुम्ही स्वतः आणून द्या, 6 आणि 12 मिमीच आणा. जिथे माणूस बसतो तिथे 12, बाकी दारं, कप्पे, पाठी सगळं 6.

*इशारा:* ॲल्युमिनियमला लोखंडी स्क्रू थेट लावू नका. ओल मिळाली की सांधा पांढरी भुकटी सोडत खातो. एसएस 304 चे बोल्ट, खाली नायलॉन वॉशर, आणि लोखंड-ॲल्युमिनियम जिथे भिडतात तिथे मधे रबर किंवा टेप. सांध्याला ब्युटाइल टेप, वरून पीयू सीलंट. आंबट वासाचं घरगुती सिलिकॉन धातूला खातं, आणि त्यावर पुन्हा काहीच चिकटत नाही.

6. टप आणि गॅस स्प्रिंग

सर्वांत जास्त कामं इथे बिघडतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच: टप पूर्ण होण्याआधी गॅस स्प्रिंग विकत घेतलेले असतात. टपावर सोलर पॅनेल, पंखा, आतलं अस्तर, वायर, कडेची पट्टी, सगळं लागू द्या. मग चौघांनी उचलून दोन घरगुती काट्यांवर ठेवा आणि खरं वजन घ्या. स्प्रिंगचा आकडा त्यानंतर.

समजा टप 48 किलो, म्हणजे 470 न्यूटन. चार स्प्रिंग, पूर्ण उघडल्यावर आडव्या रेषेशी 60 अंश. प्रत्येकाच्या बळाचा सुमारे 0.87 भाग वर उचलतो, म्हणून एकाला किमान 135 न्यूटन हवेत. थोडं जास्त धरून 150 चे घ्या. बंद अवस्थेत मात्र तेच स्प्रिंग 15 अंशांवर पडलेले असतात आणि बळाचा फक्त 0.26 भाग कामी येतो. चौघांचे मिळून 156 न्यूटन. उरलेले 314, म्हणजे 32 किलो, तुम्हाला हाताने ढकलायचे असतात. हे आधी माहीत नसलं की माणूस ‘स्प्रिंग कमी पडले’ म्हणून 250 चे आणतो. मग टप उचलतो झक्क, पण बंद करायला दोघांनी लोंबकळावं लागतं आणि बिजागऱ्या वाकतात. खरा उपाय कोन बदलणं हा आहे, किंवा आत पुढे-मागे पट्टे लावून एकेक टोक उचलणं.

थंडीचं गणितही आहे. स्प्रिंगचा आकडा 20 अंश सेल्सिअसचा असतो आणि दर 10 अंशांना बळ सुमारे साडेतीन टक्के बदलतं. शून्य अंशाला 150 चा 140 होतो. चौघांचे मिळून 485 न्यूटन, समोर टप 470. त्यावर दवाने भिजलेलं कापड आणि वरचं पाणी आलं की टप पहाटे हळूच खाली यायला लागतो. तेव्हा चारही कोपऱ्यांना यांत्रिक अडसर हवाच, साधी पिन घालायची नळी चालेल. नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावर खाली झोपू नये.

*तपासणी:* टप सलग वीस वेळा उघडबंद करा. दोन्ही बाजू एकदम वर येतात का? बंद झाल्यावर कडेची रबर पट्टी सगळीकडे सारखी दबते का? रात्री आत दिवा लावून बाहेरून फेरी मारा, जिथे उजेड दिसेल तिथून धूळही येणार आणि पाणीही.

7. कापड

माप टप पूर्ण उघडून, अडसर लावल्यावरच घ्यायचं. ड्रॉइंगवरून शिवलेलं कापड एका कोपऱ्यात ताणतं आणि दुसऱ्यात झोळ पडतो. ताणलेल्या कापडामुळे टप वर लॉक होत नाही, म्हणून प्रत्येक बाजूला 10-15 मिमी सैल ठेवा.

शिवायला सोफा-पडदेवाल्याकडे जाऊ नका. रिक्षाचं हूड शिवणारे किंवा ताडपत्रीवाले कारागीर जाड कापडाची दुहेरी शिलाई सफाईने करतात. कापड पीयू कोटिंगचं पॉलिस्टर किंवा कॉटन-पॉलिस्टर कॅनव्हास घ्या. रेक्झिनसारखं पीव्हीसी पाणी पूर्ण अडवतं, पण माणसांचा दमही आतच कोंडतं आणि सकाळी उशी ओली सापडते. धागा पॉलिस्टरचा, शिलाईवर आतून टेप, तीन बाजूंना डासांची जाळी. कापडाच्या मध्यावर आतून इलॅस्टिकची दोरी फिरवली की टप खाली येताना कापड आपोआप आत ओढलं जातं. ती नसेल तर दर वेळी एकाने बाहेर फिरून कापड आत कोंबायचं, आणि एखाद्या दिवशी ते कडेत चिरडून फाटणार.

कॉटनचा अंश असेल तर वापरण्यापूर्वी दोनदा पूर्ण भिजवून उघड्या अवस्थेतच वाळवा. धागे फुगतात आणि सुईची भोकं बुजतात.

8. वायरिंग

आधी रोजचा खर्च काढा. 40 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात सुमारे 500 वॅट-तास, पंखा 25 वॅटचा आठ तास 200, दिवे 50, मोबाइल 50. एकूण 800. लिथियम फॉस्फेट 12.8 व्होल्ट 100 अँपिअर-तास बॅटरीत 1,280 वॅट-तास असतात, त्यातले 80 टक्के धरले तर सव्वा दिवस. म्हणून सोलर किंवा गाडीवरून चार्जिंग हवंच.

गाडीच्या बॅटरीवरून थेट वायर ओढू नका, मधे डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर कॅम्परची बॅटरी भरणारा) लावा. 30 अँपिअरला, जाऊन-येऊन 10 मीटर वायर असेल तर 16 चौ.मिमी तांब्यात 0.33 व्होल्ट घट होते, 6 चौ.मिमी वापरली तर 0.9 च्या आसपास, आणि चार्जर सारखा बंद पडतो. तपकीर गल्लीत वायर घेताना तांबं आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, हे टोक खरवडून बघा.

फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हपासून 15-20 सेंटिमीटरच्या आत. चार्जरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी राहिली. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज होता कामा नये. लडाख-स्पितीचा बेत असेल तर तसं संरक्षण असलेलीच बॅटरी घ्या.

9. पाणी आणि गॅस

पाण्याची टाकी पुढच्या भिंतीलगत खाली, आत आडपडदे असलेली. स्वयंपाक शक्यतो बाहेर, मागच्या फळीवर. आत गॅस ठेवायचाच असेल तर सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाशी बाहेर उघडणारं भोक असलेला हवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. गाडी चालू असताना मागे कोणीही बसायचं नाही.

10. बसवणं आणि बांधणं

हौद्यात 6-8 मिमी रबर मॅट, त्यावर कॅम्पर. चार टर्नबकल (फिरवून ताणायचे पेचदार हुक). हौद्याच्या पत्र्यातले शोभेचे हुक उपटून येतात, पकड खालच्या मजबूत बैठकीशी हवी. पहिल्या 50 किलोमीटरनंतर आणि मग दर सकाळी टर्नबकल हाताने तपासा. फाळका काढला असेल तर नंबर प्लेट, तिचा दिवा आणि ब्रेकलाइट मागून स्पष्ट दिसतात का बघा. रिव्हर्स कॅमेरा फाळक्यातच असतो, त्याची वायर वेळीच लांबवा.

11. ताबा घेण्यापूर्वी

1. भरलेल्या टाक्या आणि सगळ्या सामानासह पुन्हा त्याच काट्यावर, पुन्हा तीन वजनं. जुन्या पावत्यांशेजारी ठेवून बघा.
2. टप बंद ठेवून वीस मिनिटं पाइपने पाणी: खालून सुरू करून हळूहळू वर. वरून सुरू केलंत तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही. मग टप उघडून पुन्हा वीस मिनिटं.
3. कच्च्या रस्त्यावर 20 किलोमीटर. मागच्या दारातून धूळ ओढली जाते, पलंगावर पांढरी चादर अंथरून जा म्हणजे दिसेल.
4. एकट्याने जॅकवर उतरवणं आणि चढवणं, घड्याळ लावून. जॅक मातीत रुततात, खाली फळ्या घ्या.
5. एक रात्र पार्किंगमध्येच झोपा.

पाणी-चाचणी पास झाली तरी शेवटचे 15 टक्के जूनच्या पहिल्या जोरदार सरीपर्यंत थांबवता येतात का, हे करारातच बोलून ठेवा. पाइपचं पाणी एका दिशेने येतं, मुळशीकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. कॅम्पर टप उघडून, वाऱ्याकडे दाराची बाजू करून, अख्खी रात्र उभा करा. सकाळी गादीचा कोपरा उचलून खालची प्लाय हाताने चाचपून बघा.